तुम्ही विचारलंत म्हणून: ती सूज उतरवायची गोळी बाबांना का नाही दिली?

बाबांना मूत्राशयाचा कॅन्सर झाल्यापासून ओळखीपाळखीतून फोन येतात आणि एक प्रश्न ठरलेला असतो, ती गुडघेदुखीवरची, सूज उतरवायची सेलेकॉक्सिब घेतली तर गाठ परत येत नाही म्हणतात, चालू करू का?

ह्यामागची धास्ती मला माहितीये. गाठ दुर्बिणीतून खरवडून काढली तरी हा आजार पुन्हा पुन्हा उगवतो, म्हणून दर तीन महिन्यांनी दुर्बीण. बीसीजीचा, म्हणजे कमजोर केलेल्या जिवंत जंतूंच्या औषधाचा, डोस मूत्राशयात सोडला की दोन तास लघवी धरायची, बाबा दर पंधरा मिनिटांनी कूस बदलायचे आणि मी शेजारी घड्याळ बघत बसायचे, घरी आल्यावर सहा तास दर वेळी कमोडमध्ये ब्लीच ओतायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, मग फ्लश. एका गोळीने हे टळणार असेल तर कोण नको म्हणेल? आत्याने तर गोळ्यांची पट्टी आणूनच दिली होती.

आणि कल्पना काही हवेतली नव्हती. ह्या गाठींमध्ये कॉक्स-२ नावाचं सूज वाढवणारं एन्झाइम जास्त सापडतं, सेलेकॉक्सिब नेमकं तेच अडवतं. म्हणून ब्रिटनमध्ये बॉक्सिट नावाची मोठी चाचणी झाली. 472 पेशंट, कॅन्सर स्नायूपर्यंत न पोचलेले. नेहमीचे उपचार सगळ्यांनाच, वर निम्म्यांना 200 मिलिग्रॅम सेलेकॉक्सिब दिवसातून दोनदा, दोन वर्षं, आणि निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, कोणाला काय मिळतंय ते ना पेशंटला माहीत ना डॉक्टरांना.

निकाल 2019 मध्ये छापून आला. तीन वर्षांनी गाठ परत न आलेले औषधवाल्यांत 68 टक्के, दुसऱ्या गटात 64. एवढा फरक नुसत्या योगायोगानेही पडू शकतो. गाठ अस्तराखालच्या थरात शिरलेल्यांना, म्हणजे रिपोर्टवर टी-१ लिहिलेलं असतं त्यांना, थोडा फायदा दिसला, पण तो त्यातलाच एक लहान गट, तेवढ्यावर कोणी गोळी सुरू करू नये असं मला वाटतं. कारण हृदयाचे गंभीर त्रास औषधवाल्यांत 5.2 टक्के लोकांना झाले, दुसऱ्या गटात 1.7.

बाबांच्या हृदयात स्टेंट आहे. तो आकडा मी दोनदा वाचला आणि पट्टी आत्याला परत दिली. वाईट वाटलं तिला, साहजिक आहे, भाऊ आहे तिचा.

चाचणी फुकट गेली असं कोणी म्हटलं की मला मात्र राग येतो. त्या लोकांनी दोन वर्षं रोज न चुकता गोळ्या गिळल्या म्हणून त्या संध्याकाळी मला उत्तर मिळालं, नाहीतर मी ती पट्टी बाबांच्या हातात दिलीच असती. तुमच्या घरी कोणाला ही गोळी डॉक्टरांनी सांध्यांसाठी लिहून दिली असेल तर माझं वाचून बंद करू नका, पुढच्या दुर्बिणीला जाल तेव्हा फाईलमधला ईसीजी काढून समोर ठेवा आणि सरळ विचारा.