अर्ध्या इंचासाठी चार दिवस

सांता रोझा मागे टाकून वीसेक मैल झाले असतील. दुपारचे दोन, न्यू मेक्सिकोतला सरळसोट आय-४० महामार्ग, दोन्ही बाजूंना वाळलेलं गवत. आधी नुसती थडथड आली. मला वाटलं भांड्यांचं कपाट उघडलंय. मागच्या सोफ्यावर बाबा बसले होते, ते एकदम म्हणाले, "अगं, गाडी बाजूला घ्यायला सांग त्याला. टायर बोलतोय." नवऱ्याने पाय काढला न काढला तोच धाडकन आवाज झाला आणि आरशात काळ्या रबराची एक लांब पट्टी रस्त्यावर लोळताना दिसली.

गाडी सरळ राहिली, हे त्या गाडीचं देणं. आमचं मोटरहोम १९७६ सालचं जीएमसी आहे, २६ फुटी. जनरल मोटर्सने १९७३ ते १९७८ या सहाच मॉडेल वर्षांत ही गाडी बनवली. इंजिन आणि ओढणारी चाकं पुढे, त्यामुळे मागून आडवा ॲक्सल जात नाही आणि फरशी इतकी खाली असते की बाबांना एका पायरीत चढता येतं. मागे प्रत्येक बाजूला दोन चाकं, ट्रकसारखी जोडीने चिकटलेली नव्हेत, एकामागे एक. वर एअर सस्पेन्शन. एक टायर गेला तरी त्याच बाजूच्या दुसऱ्या चाकाने गाडी तोलून धरली. पुढचा टायर गेला असता तर मी हे लिहायला बसले असते की नाही, माहीत नाही.

डॅलसहून ग्रँड कॅन्यन, असा बेत होता. अमरिलोत एक मुक्काम झाला होता. निघण्यापूर्वी सगळ्या टायरांमधली हवा तपासली होती, नक्षीची खोली मोजली होती. एकही टायर गोटा झालेला नव्हता, उलट नक्षीची बटणं चांगली उंच होती. दोन वर्षांपूर्वी गाडी घेतली तेव्हा आधीच्या मालकाने टायर "जवळजवळ नवे" आहेत असं सांगितलं होतं, आणि दिसतही तसेच होते.

रोडसाइड असिस्टन्सचा माणूस दोन तासांनी आला. त्याने चाक उतरवून गवतावर आडवं टाकलं आणि बाबा गुडघ्यावर बसले. त्यांची सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली. झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवायच्या आधी त्याचं मूळ अंग अजून धडधाकट आहे का, हे बघणं हा त्यांचा रोजचा उद्योग. फाटलेल्या कडेवरून अंगठा फिरवत ते म्हणाले, "हे पंक्चर नाही. पट्टा सुटलाय. आतलं रबर मेलंय बघ." खरंच, पोलादी तारांच्या पट्ट्यापासून वरचं रबर सालीसारखं निघालं होतं, आणि जिथून निघालं तिथे ते गुळगुळीत आणि निळसर दिसत होतं. मग त्यांनी विचारलं, "याची जन्मतारीख कुठे असते?"

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या टायरवर 'डीओटी' या अक्षरांनी सुरू होणारा एक क्रमांक असतो. २००० सालापासून त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. पण हा पूर्ण क्रमांक टायरच्या एकाच बाजूला असला तरी चालतो, आणि आमच्या टायरांची ती बाजू आत, गाडीच्या पोटाकडे होती. दोन वर्षांत आम्ही ती कधी पाहिलीच नव्हती. आता चाक पालथं पडलं होतं. धूळ पुसली तर आकडे निघाले: ३५१०. म्हणजे २०१० सालचा पस्तिसावा आठवडा. प्रवास २०२२ च्या ऑक्टोबरमधला. बारा वर्षांचा टायर, आणि आम्ही तीन माणसं त्यावर ताशी ६५ मैलांनी चाललो होतो.

मोटरहोमचं हे दुखणं मला त्या दिवशी नीट समजलं. रोजच्या गाडीचा टायर झिजून संपतो, म्हणून तो बदलला जातो. मोटरहोम वर्षातून काही हजार मैल चालतं आणि उरलेला काळ उन्हात उभं राहतं. टायर झिजत नाही, पण म्हातारा होतो. हवेतला प्राणवायू रबरात मुरतो आणि ते ठिसूळ होत जातं. ओझोनपासून वाचवणारी द्रव्यं रबरात मिसळलेली असतात खरी, पण टायर फिरला, दबला, की मगच ती नीट पृष्ठभागावर येतात. उभ्या गाडीत तेही होत नाही. अनेक मोटार कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदला म्हणतात, आणि काही टायर कंपन्यांनी दहा वर्षं ही शेवटची मर्यादा घातली आहे, नक्षी कितीही शाबूत असो.

स्टेपनी लावली. तीही त्याच वयाची. पन्नासच्या आत वेग ठेवून, क्लाइन्स कॉर्नर्सला थांबून सगळ्या टायरांना हात लावून बघत, अंधार पडताना आल्बुकर्की गाठलं. तिथे बलून फिएस्टा, म्हणजे गरम हवेच्या बलूनचा मेळा, चालू होता आणि आरव्ही पार्कमध्ये, म्हणजे मोटरहोम लावून राहायच्या तळावर, एकही जागा शिल्लक नव्हती. ती रात्र एका ट्रक-स्टॉपवर काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन सुरू केले. टायर मिळणं म्हणजे दोन तासांचं काम, असा माझा समज होता. पहिल्या दुकानात मी साइज सांगितला, ८.७५आर१६.५, म्हणजे साडेसोळा इंची चाकाचा, तर त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये तो नव्हताच. दुसऱ्या दुकानात साडेसोळा इंची टायर होता, पण तो हम्वीचा, म्हणजे लष्करी गाडीचा, ३७ इंच उंच आणि चिखलात चालायला बनवलेला. आमच्या चाकाच्या कमानीत तो गेलाही नसता.

तिसऱ्या दुकानात आम्ही गाडीच घेऊन गेलो. काउंटरवरचा तरुण मुलगा फार आत्मविश्वासाने म्हणाला, "सोळा इंची टायर आहेत ना, भरपूर आहेत. अर्ध्या इंचाने काय होतंय? थोडी जास्त हवा मारली की बसतो." नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. खरं सांगते, त्या क्षणी आम्हाला ते पटलं होतं. चार तास फोन करून माणूस थकतो, आणि कुणीतरी "होईल" म्हणालं की तेवढंच ऐकावंसं वाटतं.

आतून एक वयस्कर टायरवाला हात पुसत बाहेर आला. तो त्या मुलाला काही बोलला नाही. सरळ आमच्याकडे आला, म्हणाला, "माझ्या दुकानात हे होणार नाही. आणि दुसरं कुणी करून देतो म्हणालं तर तिथून निघा." मग त्याने आमची फाटलेल्या टायरची रिम उभी केली आणि टायरची कड जिथे टेकते ती जागा बोटाने दाखवली. साडेसोळाच्या रिमवर ही जागा १५ अंशांनी उतरती असते. सोळाच्या रिमवर ती जवळजवळ सपाट असते, ५ अंशांची. सोळाचा टायर त्या उतारामुळे साडेसोळाच्या रिमवर चढतो, म्हणून माणूस फसतो. पण त्याची कड जागेवर बसत नाही. बसत नाही म्हणून लोक हवा वाढवत जातात, आणि शेवटी कडेतली पोलादी तार तुटते. त्याने दोन्ही हात छातीपासून झटक्यात दूर नेले. पुढे बोलायची गरजच नव्हती.

त्या रात्री मी याबद्दल वाचत बसले. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयात १९९८ साली नेमक्या अशाच अपघाताचा निकाल लागलाय. एका मेकॅनिकने सोळाचा टायर साडेसोळाच्या रिमवर चढवला, टायर फुटला, तो गंभीर जखमी झाला. असं करू नका, असा इशारा त्या टायरवरच लिहिलेला होता. तरी न्यायालयाने भरपाई कायम ठेवली, कारण याहून सुरक्षित कड बनवता येत होती. काउंटरवरच्या त्या मुलाचा राग मला तोपर्यंत येत होता, तो नंतर आला नाही. अर्धा इंच डोळ्याला दिसतच नाही.

साडेसोळाची रिम मागे का पडली, तेही त्या टायरवाल्याने सांगितलं. तिच्यावर टायरची कड आत घसरू नये म्हणून जो उंचवटा लागतो, तो नसतो. हवा कमी झाली की कड सुटायची भीती. त्यामुळे कारखान्यांनी हलक्या ट्रकना सोळा इंची चाकं दिली आणि टायर बनवणाऱ्यांनी साडेसोळा हळूहळू सोडून दिला. म्हणजे आम्हाला नुसते टायर नव्हे, सहाही चाकं बदलायला हवी होती.

चाक शोधणं टायर शोधण्यापेक्षा अवघड निघालं. आठ नट, साडेसहा इंचांच्या वर्तुळावर: ही मांडणी अमेरिकन ट्रकमध्ये सर्रास सापडते आणि भंगार अड्ड्यावर तशा डिस्कचे, म्हणजे टायर नसलेल्या नुसत्या चाकांचे, ढीग पडलेले होते. नट बसतील, पण चाक बसेलच असं नाही. ट्रकची डिस्क लावली तर टायर बाहेर सरकून कमानीच्या पत्र्याला घासतो, किंवा पुढे ब्रेकच्या कॅलिपरला अडतो, किंवा मधलं भोक हबवर, म्हणजे चाक बसतं त्या तुंब्यावर, जात नाही. शिवाय डिस्क किती वजन पेलते ते तिच्यावर कोरलेलं असतं, तोही आकडा वाचावा लागतो.

नवऱ्याने जीएमसीच्या मालकांना फोन लावायला सुरुवात केली. या गाड्या जेमतेम तेरा हजार बनल्या, त्यामुळे ज्यांच्याकडे आहेत ते एकमेकांना धरून असतात. तिसऱ्या फोनला बेलेनचा एक निवृत्त गृहस्थ सापडला. त्याने आपल्या गाडीला ॲल्युमिनियमची चाकं घेतली होती आणि जुनी सोळा इंची पोलादी चाकं, याच गाडीच्या मापाची, कोठारात ठेवली होती. पिकअप भाड्याने घेऊन आम्ही तिघे पस्तीस मैल दक्षिणेला गेलो. त्याने प्रत्येक चाक हबवर लावून फिरवून दाखवलं, शेजारी खडू धरला. खडूची रेघ सगळीकडे सारखी उमटली की चाक सरळ. एका चाकावर ती एकाच ठिकाणी उमटली. त्याने ते बाजूला ठेवलं, त्याचे पैसे घेणार नाही म्हणाला, आणि कोठाराच्या मागून सातवं आणलं. सहा चाकांचे सहाशे डॉलर ठरले.

टायर यायला दोन दिवस होते. टायरवाल्याने आम्हाला दुकानाच्या मागच्या आवारात राहू दिलं. तिथे सकाळी सातला डोक्यावर फुस्स असा मोठा आवाज झाला आणि बाबा गंजीतच बाहेर धावले. वर वीस-पंचवीस बलून. इतके खाली, की टोपलीतली माणसं हात करताना दिसत होती. पहाटे ज्योतीच्या उजेडात ते आतून पेटल्यासारखे होतात. संध्याकाळी समोरचा सँडिया डोंगर गुलाबी होतो. स्पॅनिशमध्ये सँडिया म्हणजे कलिंगड. बाबा दोन्ही संध्याकाळी खुर्ची टाकून त्याच्याकडे बघत बसले. ग्रँड कॅन्यन राहिलं तरी चालेल, असंही एकदा म्हणाले.

टायर आले: एलटी२२५/७५आर१६, लोड रेंज ई, म्हणजे जड वजन पेलणारे. उंची जुन्या टायरच्या इतकीच, त्यामुळे स्पीडोमीटरमध्ये जाणवण्यासारखा फरक नाही. चढवण्यापूर्वी बाबांनी टॉर्च घेऊन सहाही टायरांच्या जन्मतारखा वाचल्या. पाच त्याच वर्षीचे होते, एक तीन वर्षांपूर्वीचा. टायरवाल्याने काही न बोलता तो बदलला आणि मग बाबांना एक खुर्ची आणून दिली. सहाही टायरांच्या तारखेची बाजू त्याने बाहेर ठेवली. व्हॉल्व्ह धातूचे घेतले, कारण साधे रबरी व्हॉल्व्ह ६५ पीएसआयच्या (पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप) वर वापरायचे नसतात आणि हे टायर ८० पीएसआयपर्यंत जातात.

पण म्हणून ८० भरायची नाही. हवा किती, हे टायर ठरवत नाही, त्यावरचं वजन ठरवतं. डिझेल विकणाऱ्या मोठ्या ट्रक-स्टॉपवर काटा असतो. पाणी, पेट्रोल, सामान आणि आम्ही तिघं, सगळ्यासकट गाडी काट्यावर नेली. पुढे ४,१०० पौंड, मागे ७,३००. पुढच्या प्रत्येक टायरवर २,०५० पौंड, मागच्या चारांवर साधारण १,८२५. किती हवेला टायर किती वजन पेलतो, याच्या तक्त्यात ५५ पीएसआयला २,०६० पौंड आहेत, म्हणजे पुढे जेमतेम. एका बाजूला वजन जास्त असू शकतं, म्हणून पुढे ६५ आणि मागे ६० ठेवली. जुन्या टायरांत आम्ही सगळीकडे सारखीच भरत होतो, वजन कधी केलंच नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळी निघालो. नवं चाक लावलं की पन्नासेक मैलांनी नट पुन्हा तपासायचे असतात, म्हणून लगुनाला थांबलो. समोर टेकडीवर सॅन होजेचं पांढरं चर्च, १६९९ मधलं. नवऱ्याने टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेला जोर लागला की वाजणारा पाना, काढला आणि सहा चाकांचे अठ्ठेचाळीस नट एकेक करून तपासले. सत्तेचाळीस जागचे हलले नाहीत. डावीकडच्या मधल्या चाकाचा एक पाव फेरा फिरला आणि मग रेंच कट्‌ वाजला. बाबा त्याच्या मागोमाग येत होते, प्रत्येक टायरवर तळहात ठेवून. सहावा झाल्यावर म्हणाले, "सगळे सारखेच कोमट आहेत. चला."