लाल टोपण, केशरी टोपण आणि इन्सिडेंट फॉर्म

आपल्याकडे व्हायलमधलं (छोट्या बाटलीतलं) इन्सुलिन दोन ताकदींत मिळतं: एका मिलीत ४० युनिट आणि एका मिलीत १०० युनिट. सिरिंजही दोन, लाल टोपणाची ४० साठी आणि केशरी टोपणाची १०० साठी. शंभरचं इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये १० च्या रेघेपर्यंत ओढलं की पाव मिली येतं, म्हणजे २५ युनिट. ऑर्डरच्या अडीचपट. उलट झालं तर १० ऐवजी ४ च युनिट जातात, शुगर उतरत नाही आणि राउंडला डोस वाढवला जातो.

हे होतं कसं? केशरी सिरिंज संपलेल्या असतात, शेजारच्या वॉर्डातून मिळेल ती आणली जाते. किंवा नातेवाइकांनी घरून आणलेल्या इन्सुलिन पेनच्या कार्ट्रिजमधून लाल सिरिंजने औषध काढलं जातं. ते बहुधा शंभरचंच असतं. झालेली चूक नोंदवायच्या इन्सिडेंट फॉर्मवर 'सिस्टरकडून डोस चुकला' एवढंच लिहिलं आणि मेमो काढला, तर पुढच्या वेळी तेच दुसऱ्या सिस्टरच्या हातून होणार.

जास्त डोस गेल्याचं कळलं की आधी पेशंट, फॉर्म नंतर. लगेच ग्लुकोमीटरने शुगर, ड्यूटी डॉक्टरला फोन, २५ टक्के डेक्स्ट्रोज (शिरेतून द्यायचं ग्लुकोज) हाताशी. साधं रेग्युलर इन्सुलिन त्वचेखाली दिलेलं असेल तर परिणाम सहा-आठ तास राहतो, म्हणून एकदा शुगर नीट आली की निर्धास्त होऊ नये. व्हायल, सिरिंज, टोपण फेकायचं नाही. लेबल लावून इन्चार्जकडे ठेवायचं. तपासात सगळ्यात बोलका पुरावा तोच असतो.

केसपेपरवर काय दिलं, किती वाजता, शुगर किती आणि पुढे काय केलं हे स्वच्छ लिहावं. इन्सिडेंट फॉर्म वेगळा, तो केसपेपरला जोडायचा नाही. त्यातही पाहिलेलं तेवढंच: 'रात्री २.१०, १०० युनिटची व्हायल, लाल टोपणाची सिरिंज, १० च्या रेघेपर्यंत, ट्रेमध्ये केशरी सिरिंज नव्हती.' 'निष्काळजीपणा' हा शब्द फॉर्मवर नकोच.

फॉर्म एका पानाचा, मराठीत, मावशी-मामांनाही भरता येईल असा हवा. नाव ऐच्छिक. ड्यूटी संपायच्या आत भरून झाला पाहिजे, कारण दुसऱ्या दिवशी माणूस आठवण नाही, बचाव लिहितो. टोचण्याआधी दुसऱ्या सिस्टरने सिरिंज पाहून थांबवलं असेल, तरी फॉर्म भरायचा. इजा न होता कारण हाती लागण्याची ही संधी असते आणि नेमकी हीच नोंद सगळ्यात जास्त बुडते. महिनाभर शून्य नोंदी आल्या, तर वॉर्ड सुरक्षित आहे असं नाही. लोक घाबरलेत असं समजून चौकशी करावी.

मेट्रन आणि प्रशासनाने लेखी द्यावं की फॉर्म भरल्याबद्दल मेमो नाही, इन्क्रिमेंटवर परिणाम नाही. अपवाद तीनच: जाणूनबुजून केलेली इजा, नशेत ड्यूटी, रेकॉर्डमध्ये खाडाखोड.

उपायांत बहुतेक समित्या घसरतात. 'स्टाफला सूचना दिल्या' हा सगळ्यात कमकुवत उपाय. नवीन बॅच आली, नाईटला एकच सिस्टर उरली की तो संपतो. फार्मसीने व्हायल एकाच ताकदीची घेणं, दुसऱ्या रंगाच्या सिरिंजची खरेदी बंद करणं, पेनमधून सिरिंजने काढायला मनाई, ऑर्डरमध्ये नुसतं इंग्रजी 'यू' न लिहिता 'युनिट' पूर्ण लिहिणं (घाईत 'यू' शून्यासारखा दिसतो आणि १० चे १०० होतात): हे टिकतं.

ग्लुकोमीटर किंवा पंपच चुकीचा चालत असेल तर हॉस्पिटलच्या फॉर्मवर थांबू नये. २०१५ पासून देशात मटेरिओव्हिजिलन्स (वैद्यकीय उपकरणांमुळे होणाऱ्या त्रासावर नजर ठेवणारा) कार्यक्रम आहे, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे. उपकरणाची तक्रार तिथे जाते. औषधाच्या दुष्परिणामांसाठी त्यांचाच टोल-फ्री नंबर आहे, १८००-१८०-३०२४.

काय बदललं हे फॉर्म भरणाऱ्या वॉर्डाला ड्यूटी बदलतानाच्या हँडओव्हरमध्येच आठवडाभरात सांगावं, नाहीतर पुढचा फॉर्म येत नाही. आणि फाइल बंद करण्याआधी क्वालिटीच्या माणसाने न सांगता नाईट ड्यूटीत जाऊन वॉर्डाचा फ्रिज आणि इंजेक्शन ट्रे उघडून पाहावा. बंद केलेली लाल टोपणं अजून दिसली, तर फाइल उघडीच ठेवावी.