आगमनकाळाचा पहिला रविवार

वसई, रविवार, रात्री उशिरा.

आगमनकाळ, म्हणजे नाताळआधीचे चार आठवडे, आज सुरू झाला. चर्चमध्ये मिस्सेला, रविवारच्या उपासनेला, पहिली जांभळी मेणबत्ती पेटली. बाकावर माझ्या शेजारची जागा रिकामी होती. धाकट्यानं सकाळीच सांगितलं, "आई, यापुढे मी मिस्सेला येणार नाही. देवावर राग नाही माझा. पण मनात नसताना गुडघे टेकायला नाही जमत मला."

मी नको इतकी बोलले. आपल्या वसईच्या गोन्सालो गार्सियानं १५९७ साली नागासाकीला क्रूसावर जीव दिला आणि तुला तासभर बसवत नाही, इथपर्यंत गेले. तो शांतपणे म्हणाला, "त्याला कुणी बळजबरीनं नव्हतं ना नेलं?" मग थोडं थांबून, "तरुण बिघडले हे उपदेशात नेहमी ऐकतो. वसई पावसात बुडते, त्याबद्दल कधी ऐकलंस?"

दिवसभर हे वाक्य डोक्यातून जात नाही.

बायका म्हणतात मोबाइलनं घात केला. मला तसं म्हणवत नाही. संध्याकाळी सातची रोझरी, जपमाळेची प्रार्थना, आमच्या घरात मोबाइल यायच्या कितीतरी आधी बंद पडली. सातला मालिका लागायची आणि टीव्ही लावणारी मीच होते.

आणि जग बदलणं आपल्याला नवं थोडंच आहे? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे रोमला भरलेल्या कॅथलिक चर्चच्या मोठ्या सभेनंतर, मिस्सा लॅटिनमधून मराठीत आली, तेव्हा आजी महिनाभर धास्तावली होती म्हणे. पुढे मरताना तिच्या ओठांवर मराठी गीतच होतं.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो आज फार आठवले. जमिनी बळकावल्या जात होत्या, विहिरींचं पाणी टँकरनं उपसून नेलं जात होतं, तेव्हा झग्यातला हा माणूस हरित वसईसाठी लोकांबरोबर रस्त्यावर उतरला. पाणी काय फक्त ख्रिस्ती विहिरींचं आटत होतं? सगळ्यांचंच. म्हणून सगळे त्यांच्यामागे उभे राहिले. पुढे २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. एक फादर अध्यक्ष कसा, म्हणून विरोधही झाला, पण ते मराठीतच, आपल्या माणसांशी बोलावं तसं बोलत राहिले. २५ जुलै २०२४ ला गेले.

आता आपण रस्त्यावर कधी येतो? आपल्या भावना दुखावल्या की. तेही कधी गरजेचं असतं, नाही म्हणत नाही मी. पण तेवढ्याचसाठी दिसायला लागलो, तर आपल्या मुलांना चर्च म्हणजे सतत दुखावलेली माणसं असंच वाटणार.

जेवणानंतर बायबलमधला यिर्मया संदेष्ट्याचा एकोणतिसावा अध्याय काढला. बाबेलला पकडून नेलेल्या लोकांना तो पत्र लिहितो. घरं बांधा, बागा लावा, त्यांचं फळ खा, ज्या नगरात आहात त्याच्या भल्यासाठी झटा आणि त्याच्यासाठी प्रार्थना करा. परक्या देवांच्या नगरासाठी! आमची केळीची वाडी गेली, तिथे आता सात मजले आहेत आणि तिसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो. बाग कुठे लावू, हा प्रश्न मला खरोखर पडतो. तळमजल्यात पाणी शिरतं ते आमच्याच वाडीचा ओहोळ बुजवला म्हणून, हे या इमारतीत माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

बुधवारी आमच्या लहान ख्रिस्ती समूहाची, शेजारपाजारच्या ख्रिस्ती घरांच्या गटाची, बैठक आहे. त्या बुजवलेल्या नाल्याचा विषय मी काढणार, आणि बैठकीला इमारतीतल्या सगळ्यांना बोलवू या म्हणणार. काहींना आवडणार नाही. आगमनकाळात नाला कशाला, म्हणतील.

धाकट्याच्या खोलीचं दार वाजवलं. मिस्सेचं काही बोलले नाही. सकाळच्या बोलण्याबद्दल चुकले म्हणाले, आणि २०१८ च्या पुराचे फोटो आहेत का विचारलं. त्यानं मान हलवली. आत्ता फोनवर चौदा फोटो आलेत. बहुतेक गढूळ पाण्याचे, जिन्याचे. एक आमच्या हॉलमधला आहे. तळमजल्यावरच्या काकूंचा गणपती तेव्हा वर आणून आमच्या आल्तारावर मरियेच्या मूर्तीशेजारी ठेवला होता, आणि दोघांपुढे एकच मेणबत्ती. लाइट नव्हते.