मोआबला जाताना

डेन्व्हरहून आय-७० हायवे धरायचा, युटा राज्यात क्रेसेंट जंक्शनला १८२ नंबरचा एक्झिट घ्यायचा आणि हायवे १९१वरून दक्षिणेला सुमारे ३० मैल. मग मोआब गाव. इथवर आजीसुद्धा गाडी आणेल.

गंमत सँड फ्लॅट्स रोडवर. पैसे भरायची टपरी ओलांडली की लगेच 'हेल्स रिव्हेंज' ही फोर-बाय-फोर गाड्यांची खडकाळ वाट सुरू होते: दोन्ही बाजूंनी उतरता, चिंचोळा खडक, आणि समोर फक्त आभाळ! टायरमधली हवा कमी केली होती, तरी बायकोने डोळे मिटून रामरक्षा धरली.

तंबूच्या जागा त्याच रस्त्यावर पुढे. पाणी मात्र तिथे नाही, गावातूनच भरून न्यायचं. आम्ही कांदेपोह्यांचं सामान आणलं, कॅन विसरलो. पोहे भिजवायला परत गावात.