टिचकी

आमच्या कॉलनीतले काका कुठल्याही वस्तूला टिचकी मारून बघायचे. कलिंगड, माठ, नवी कढई इथवर ठीक आहे. पण आमच्याकडे पहिली स्कूटर आली तेव्हा पेढा तोंडात टाकायच्या आधी त्यांनी वाकून इंजिनाच्या पोटावर बोटाचं पेर वाजवलं, क्षणभर ऐकलं आणि मान डोलावली. मग कुठे बाबांचा जीव भांड्यात पडला.

पुण्यात धातुशास्त्र शिकून ते कोल्हापुरात परतले आणि शिरोलीच्या एका फौंड्रीत जन्म काढला. संध्याकाळी घरी येत तेव्हा शर्टाला जळक्या वाळूचा वास असायचा. लोखंडाच्या रसाबद्दल बोलायला लागले की वाटावं, उसाच्या रसाबद्दलच चाललंय. आज रस जरा थंड पडला, साच्यात नीट पोचला नाही, वगैरे. कॉलनीतल्या बायकांना मात्र या शास्त्राचा वेगळाच उपयोग होता. पितळेच्या पातेल्यात आमटी कळकली की पातेलं थेट त्यांच्या दारात. कल्हईवाला नवसागर का टाकतो, हे ते दरवेळी पहिल्यांदाच सांगितल्यासारखं सांगत. नवसागराने भांड्यावरचा मळ सुटतो, त्याशिवाय कथील धरतच नाही. कथील वितळायला २३२ अंश पुरतात, म्हणून तर रस्त्यावरच्या भात्यावर हे काम होतं. तोवर आमटीचं काय करायचं, हा प्रश्न बाजूलाच राहायचा.

सातवीत असताना त्यांनी माझ्यापुढे लोखंडाचे दोन तुकडे ठेवले. दिसायला जुळे. "वाजव." एक खणकन वाजला, दुसरा बद्द. "चांगला कुठला?"

खणखणीत तोच चांगला, हे आपल्या भाषेनेच शिकवलेलं. मी पहिला उचलला.

"लेका, दोन्ही चांगलेच आहेत की," ते हसले. बद्द वाजतं ते साधं बीड, म्हणजे ओतीव लोखंड. त्याच्या पोटात ग्राफाइटचे बारीक पापुद्रे विखुरलेले असतात, ते हादरा आतल्या आत जिरवतात. म्हणून लेथचा, म्हणजे कातयंत्राचा, बेड बिडाचा करतात. तो खणखणीत वाजायला लागला तर वर चाललेलं काम थरथरेल. ओतण्याआधी त्याच रसात नावापुरतं मॅग्नेशियम घातलं की पापुद्र्यांच्या जागी गोळ्या होतात. मग तुकडा चिवट होतो आणि वाजतोही. पुढे मी कॉमर्सला गेलो, ते अर्थातच त्यांना आवडलं नाही. पण एवढा धडा पक्का राहिला.

कॉलनीत पाण्यावरून, पार्किंगवरून भांडणं व्हायची. दोन्ही बाजूंचे लोक वेगवेगळ्या वेळी काकांच्या व्हरांड्यात बसून जायचे. काय बोलणं झालं, ते कधी कुणाच्या कानावर आलं नाही. काकूंच्यासुद्धा.

एकदा सहलीत भीमाशंकरला गेलो होतो. तिथली ती मोठी घंटा पोर्तुगीजांविरुद्धच्या वसईच्या मोहिमेनंतर आली असं सांगतात, तिच्यावर १७२९ हे साल कोरलेलं आहे. कुणीतरी टोल दिला आणि काका डोळे मिटून उभे राहिले, पार शेवटची थरथर विरेपर्यंत. मागे रांग खोळंबली, कुणी चिडलंही. तांब्यात साधारण पाचवा हिस्सा कथील घातलं की असा नाद येतो, पण धातू ठिसूळ होतो, असं परतताना बसमध्ये म्हणाले. वाजायचं तर फुटायची तयारी हवी.

गणपतीतली आमची काशाची झांज अशीच एका आरतीला तडकली. नवी आणायचं ठरत होतं. काकांनी ती घरी नेली आणि दुसऱ्या दिवशी परत दिली, तर भेगेच्या टोकाला बारीक भोक पाडलेलं! सगळे बघतच राहिले. "भेगेच्या टोकाशी ताण साठतो. टोकच राहिलं नाही तर ती पुढे सरकणार कशी?" आवाज जरा बसला, पण झांज वाचली. तेव्हापासून दरवर्षी प्रतिष्ठेच्या आदल्या दिवशी ते झांज मागवून घ्यायचे, भोकाच्या पलीकडे नखाने चाचपायचे आणि परत द्यायचे.

ते गेले त्याला आता आठ महिने झाले. यंदा झांज आणायला माळ्यावर मीच चढलो. धूळ पुसली, खिडकीशी नेली, भोकाच्या कडेने नख फिरवलं. भेग होती तिथेच आहे.