गार इंजिनचा खडखडाट

गाडी गरम असताना आवाज ऐकून मी कधी निदान करत नाही. तासगावहून गाडी पळवत सांगलीत आणायची, बॉनेट उघडायचं आणि "ऐका मिस्त्री" म्हणायचं, याला काही अर्थ नसतो. तोवर ऑइल सगळीकडं फिरलेलं असतं आणि सकाळी बोंबलणारा भाग गप्प बसलेला असतो. म्हणून सकाळी गार असताना खडखडणारी पिकअप घेऊन आलेल्या मालकाला मी सांगितलं, गाडी रात्रभर इथंच राहू दे.

गडी तयार होईना. जानेवारी संपत आलेला, द्राक्षाची तोड लागलेली. "मामा, माणसं सांगून ठेवल्यात. ह्या आठवड्यात वाशीला माल गेला पायजे." एका ठिकाणी त्याचे इंजेक्टर काढून टेस्टिंगला लावून झाले होते. दुसऱ्या ठिकाणी कॅमचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा, सेन्सर बदलला होता. दर वेळी चेक लाइट विझायची आणि चार दिवसांनी परत लागायची. एवढा खर्च करून बसलेला माणूस चिडणारच. पण त्याच्या घाईपायी आणखी एक पार्ट त्याच्या गळ्यात मारायचा, हे मला जमत नाही. शेवटी किल्ली टेबलावर टाकून तो एसटीनं गावाकडं गेला.

सकाळी इंजिन पार गार होतं. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक टायमिंग कव्हरवर, म्हणजे टायमिंग चेनवरच्या झाकणावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि पोराला सेल्फ मारायला सांगितलं. इंजिन लागल्याबरोबर कव्हरच्या आतून पत्र्याच्या डब्यात नटबोल्ट हलवल्यासारखा खडखडाट आला. चार-पाच सेकंद टिकला आणि एकदम मिटला. मग टोक इंजेक्टरजवळ धरून बघितलं, तिथं डिझेलची नेहमीची टकटक, बाकी काही नाही. इंजेक्टर ठोकत असेल तर आवाज ठोक्यात येतो आणि गाडी लागून चार सेकंदांत बरा होत नाही. ऑइलचं प्रेशर आल्यावर मिटणारा आवाज म्हणजे संशय सरळ टेन्शनरवर आणि चेनवर.

पिस्टन ज्याला फिरवतात त्या क्रँकवरून ही चेन कॅमला फिरवते. तिला ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. गाडी रात्रभर उभी राहिली की त्यातलं ऑइल थोडंफार उतरतं. चेन चांगली असेल तर तेवढ्यानं काही बिघडत नाही. झिजलेली असेल तर दाब येईपर्यंत ती सैल पडते आणि गाइडवर, म्हणजे तिला जागेवर ठेवणाऱ्या पट्टीवर, आणि कव्हरवर आपटत राहते.

स्कॅनरवर कोड होता पी००१६, म्हणजे कॅम आणि क्रँक यांचा मेळ बसत नाही. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक, आणि कॉम्प्युटर दोन्ही सेन्सरांवरून हे सतत ताडून बघतो. मेळ चुकला की कोड टाकतो. कोडात सेन्सरचा उल्लेख आला म्हणून सेन्सर बदलायचा, ही सगळीकडची खोड. सेन्सर किंवा वायरिंगही कधी कधी निघतं, नाही असं नाही. पण इथं सेन्सर नवाकोरा होता आणि कोड तोच.

तरी नुसत्या कानावर आणि कोडवर विसंबून मी टायमिंग कव्हर उघडत नाही. वरचं टॅपेट कव्हर काढलं, फ्लायव्हीलला लॉकिंग पिन बसवली. मेळ बरोबर असेल तर कॅमचीही पिन आपल्या भोकात बसते. कॅमची पिन काही बसेना, भोक सरकलेलं. चेन लांबली होती. लोकांना वाटतं चेन रबरासारखी ताणली जाते. तसं नसतं. एकेका कडीची पिन आणि बुश केसभर झिजतात, पण कड्या शंभराच्या वर, आणि ती सगळी झीज एकात एक मिळत जाते.

मालकाला फोन केला. "सेल्फ लागतोय, गाडी पळतीय, ही एक खेप मारून येतो की मामा!" मी म्हटलं, "खंबाटकीत माल भरलेला असताना चेन दोन-चार दात उडाली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतील. मग हेडपासून सगळं खोलायचं, आणि द्राक्षं घाटातच." पलीकडं जरा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाला, "खोला."

नशिबानं या इंजिनात चेन पुढच्या बाजूला आहे. काही इंजिनांत ती गिअरबॉक्सकडं असते, तिथं आधी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. रेडिएटर, फॅन, क्रँकची पुली, खालचं ऑइलचं चेंबर, मग कव्हर. टेन्शनरचा दांडा जवळजवळ पुरता बाहेर आलेला. एका बाजूच्या गाइडचं प्लॅस्टिक चेनमुळं कापत गेलेलं आणि खालचं टोक तुटून गायब.

खरा वेळ तिथं गेला. चेंबरमधले प्लॅस्टिकचे तुकडे वेचले, डिझेलनं धुतले आणि वर्तमानपत्रावर एकाला एक लावून मूळ गाइडचा आकार जुळवत बसलो. पोरगं हसायला लागलं. त्याला म्हटलं, हस तू, पण मधला एक तुकडा कमी आहे, तो अजून इंजिनातच कुठंतरी आहे. तो सापडला ऑइल पंपाच्या जाळीत, काळ्या गाळात रुतून बसलेला. जाळी निम्मी बुजलेली. म्हणजे पंपाला ऑइल ओढायला वेळ, टेन्शनरला दाब उशिरा, चेन तेवढी जास्त आपटणार, गाइड आणखी तुटणार आणि जाळी आणखी बुजणार. जाळी न बघता नवा सेट टाकला असता तर काही महिन्यांत तोही गेला असता.

ऑइल कधी बदललं होतं म्हणून मालकाला विचारलं, तर उत्तर आलं, "कमी झालं की वरनं टाकतोय की." डिझेलची काजळी ऑइलमध्ये साठत जाते आणि पिन-बुशच्या मधे घासते. ऑइल काळं तर नवं टाकल्यावरही लगेच होतं, रंगावरून काही कळत नाही. किलोमीटर लिहून ठेवायला पाहिजेत.

तो म्हणाला, नुसती चेन टाका. मी नाही म्हटलं. चेन ज्या दातेरी चाकावर फिरते त्या जुन्या स्प्रॉकेटचे दात एका अंगाला झुकलेले. त्यावर नवी चेन चढवली की ती लवकर खराब होणार. चेन, दोन्ही गाइड, टेन्शनर, स्प्रॉकेट, पुढचं सील, पुलीचा बोल्ट, सगळं नवं. जाळी काढून धुतली.

बसवताना चेनच्या रंगीत कड्या स्प्रॉकेटच्या खुणांवर आणल्या, टेन्शनरची पिन ओढली आणि पान्यानं क्रँक हातानं दोन फेरे फिरवला. मध्ये कुठं अडकलं नाही. पोरगं घाबरलं, "मामा, रंगीत कड्या खुणांवर नाहीत!" त्या दोन फेऱ्यांत परत जुळत नसतातच. लॉकिंग पिना दोन्हीकडं सहज गेल्या, तेवढं बास. नवं ऑइल, नवा फिल्टर. इंजेक्टरचे कनेक्टर काढून ऑइलची लाइट विझेपर्यंत सेल्फ मारला, म्हणजे कोरड्या चेनवर इंजिन सुरू व्हायला नको.

गाडी परत रात्रभर उभी ठेवली. सकाळी मालक स्वतः सेल्फ मारायला बसला, मी बॉनेटजवळ. गाडी लागली, खडखडाट नाही. त्यानं बंद केली, उतरून माझ्या शेजारी आला आणि पोराला परत मारायला लावली.

बिलावर घासाघीस झालीच, थोडे पैसे माल विकल्यावर द्यायचं ठरलं. जाताना त्यानं जुनी चेन मागितली. मी ती नव्या चेनच्या रिकाम्या खोक्यात घालून दिली. इंजेक्टरवाल्याच्या टेबलावर नेऊन ठेवणार होता म्हणे.