सात वाजताचा भोंगा

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे, साधारण ३ हजार वस्ती, बहुतेक घरं शेतीवाली नाहीतर साखर कारखान्यात कामाला. १४ ऑगस्ट २०२२ ला तिथे गावाची सभा झाली आणि ठरलं की रोज संध्याकाळी ७ ला देवळातला भोंगा वाजला की घरोघरी टीव्ही बंद, मोबाईल बंद, आणि साडेआठचा भोंगा होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही.

कारण साधंच होतं. कोरोनात शाळा मोबाईलवर आली, पोरांच्या हातात फोन गेला आणि शाळा उघडल्या तरी तो सुटेना. पुरुष मंडळींनी आधी हसण्यावारी नेलं म्हणे, पण बायकांनी आमच्याही सिरियल फार होतात हे कबूल करून साथ दिली, मग आशाताई, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक असे सगळे घरोघर फिरले.

बातम्या आल्या त्या जास्त करून मुलांच्या अभ्यासाच्या. मला मात्र सगळ्यात भारी वाटलं ते सगळ्यांनी एकाच वेळी बंद करणं, कारण एकट्याने फोन बाजूला ठेवून काही होत नाही हो, आपण ठेवतो आणि समोरचा खाली मान घालून स्क्रोल करत असतो, मग दोन मिनिटांनी आपणही उचलतो. बोलायला दोघंही मोकळे लागतात.

२००५ च्या पुढची लोडशेडिंगची वर्षं आठवतात का? आमच्या गावाकडे संध्याकाळी लाईट गेली की अख्खी गल्ली ओट्यावर यायची, काकू लसूण सोलत बसायच्या, पोरांच्या भेंड्या, कुणाची सोयरीक जमतेय, कुणाच्या बोअरला पाणी लागलं, सगळं तिथेच कळायचं. लोडशेडिंग चांगलं होतं असं मी अजिबात म्हणत नाहीये, पिकाला रात्री-अपरात्री पाणी द्यायला जाणाऱ्यांचे हाल पाहिलेत. पण लाईट सगळ्यांचीच जायची ना, म्हणून सगळे बाहेर यायचे. वडगावने तेच स्वतःच्या मर्जीने केलं.

फोनवर माझा राग नाही. माझी बहीण दुबईला आहे, व्हिडिओ कॉल नसता तर आईने नातवाला रांगताना बघितलंच नसतं. पण कॉलवर गप्प बसता येत नाही, दोन सेकंद शांतता झाली की "आवाज येतोय का?" सुरू. ओट्यावर आण्णा अर्धा-पाऊण तास काही बोलायचे नाहीत, नुसतं सुपारी कातरत बसायचे, आणि मग मधेच हळूच सांगायचे की यंदा सोसायटीचं कर्ज काही फिटत नाही. असलं काही माणूस लगेच बोलत नाही, त्याच्या शेजारी बसून राहावं लागतं, आणि हे व्हॉट्सअ‍ॅपवर कसं होणार मला खरंच कळत नाही. तिथे आण्णांनी गुड मॉर्निंगचं फूल पाठवलं असतं आणि आम्हाला वाटलं असतं सगळं ठीक आहे.

आता पुण्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये देऊळ नाही की भोंगा नाही, आणि रोज दीड तास कुणी ऐकणारही नाही. म्हणून मी रविवारी संध्याकाळचा एकच तास मागितलाय, पार्किंगमध्ये खुर्च्या टाकायच्या, फोन घरीच ठेवायचे. सेक्रेटरी हो म्हणालेत, शिट्टी वॉचमनकाका वाजवणार आहेत, चहा पहिल्या रविवारी आमच्याकडून.